पोरं शाळेत, बाप कारखान्यात, आई घरात – हे चित्र यंत्रांनी काढलं की कायद्याने?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परवा एकाने फॉरवर्ड टाकला की पूर्वी बायका घरात सुखात होत्या, पोरं अंगणात खेळत होती, मग कारखाने आले आणि सगळ्यांना घाण्याला जुंपलं. लगेच दुसऱ्याचं उत्तर, उलट कारखान्यांमुळेच बाई चूल सोडून बाहेर पडली. मला दोन्ही अर्धवट वाटलं म्हणून सविस्तर लिहायला घेतलं तर अ‍ॅडमिनने सांगितलं इथे फक्त पाणी आणि पार्किंगचं बोला. म्हणून इथे टाकतोय.

तर पोरं अंगणात वगैरे काही खेळत नव्हती. इंग्लंडात यंत्रं यायच्या आधी घर हाच कारखाना होता, पोरं कापूस नि लोकर पिंजायची, बायका सूत काढायच्या, बाप मागावर बसायचा, आणि एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला चार-पाच चरखे लागायचे म्हणजे घरच्या बायका कमी पडल्या की शेजारच्या. येवल्याला पैठणीच्या घरात डोकावलात तर थोड्याफार फरकाने हाच कारभार दिसेल. मग हारग्रीव्ह्जची जेनी (सूत काढायचं यंत्र) आली, आर्कराइटची पाण्यावर फिरणारी सूतकताईची फ्रेम आली (१७६९), १७७१ ला क्रॉमफर्डची गिरणी उभी राहिली, आणि पुढच्या तीसेक वर्षांत घरचा चरखा बसला. चरखा बसला म्हणजे बाईची घरातल्या घरात होणारी कमाई बसली, हे त्या दोन्ही फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नाही.

आणि गिरणीत पहिल्यांदा कोण गेलं तर पोरं. पाण्यावरच्या गिरण्या नदीकाठी, वस्तीपासून लांब, मोठी माणसं तिकडे जायला तयार नाहीत, मग अनाथ आणि भिकारी म्हणून सरकारी खर्चाने पोसली जाणारी पोरं करारावर गिरणीमालकाच्या हवाली केली गेली. काम काय तर तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायचा, नाहीतर यंत्राखाली सरपटत जाऊन खाली पडलेला कापूस गोळा करायचा, यंत्र चालूच. वाफेचं इंजिन आल्यावर गिरण्या शहरात आल्या आणि मग आख्खी कुटुंबंच आत शिरली.

त्यानंतर कायदे. १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी (रेशीम गिरण्या सोडून, तिथे मालकांनी सूट मिळवली), ९ ते १३ ला दिवसाला ९ तास. १८४२ ला खाणीत जमिनीखाली बायका, मुली आणि १० खालची मुलं बंद. १८४४ ला बायकांचे तास १२ वर आणले, आणि गंमत बघा, त्याच कायद्याने मुलांचं वय ९ वरून ८ वर खाली आणलं, फक्त अर्धा दिवस काम नि अर्धा दिवस शाळा अशी अट घालून.

मला जे म्हणायचंय ते इथे सुरू होतं. कायद्यात बायका आणि मुलं एकाच ओळीत बसवली गेली, दोघंही दुबळे, दोघांना बापाने नाहीतर सरकारने सांभाळायचं. पोरं बाहेर निघाली ती शेवटी शाळेत पोचली (इंग्लंडात ५ ते १० वयाला सक्ती १८८० ला झाली). बाई बाहेर निघाली ती कुठे पोचली? घरी, जिथे आता चरखाही नव्हता. आणि बाप्याची मजुरी म्हणजे आख्ख्या घराची मजुरी असं युनियनवालेही म्हणायला लागले, म्हणजे बाईने कमावलं तर ती 'हातभार'.

माझं मत असं की कारखान्याने बालमजुरी निर्माण केली नाही, एका छपराखाली आणून ती मोजता येईल अशी केली. जे छपराखाली होतं त्यावर कायदा चालला. जे घरात राहिलं, किंवा कायदा आल्यावर मुद्दाम घरात परत ढकललं गेलं, तिथे बाई आणि पोरं अजून एकत्रच काम करताहेत. आपल्या जिल्ह्यात याची उदाहरणं ढीगभर आहेत, म्हणून नाशिककरांनी लिहा.

---

चिवडा_मिसळ

धागा आवडला. शेवटचा पॅरा सोडून, तो जरा ओढूनताणून वाटला. जागा राखून ठेवतो, मिसळ खाऊन येतो.

---

सातपूरकर

मी एमआयडीसीत आयुष्य घालवलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तर थोडं आमच्या बाजूचं सांगतो. नाशिकला मोठा पगारी कामगार आधी नाशिकरोडला तयार झाला, सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या सुमाराची आणि नोटांचा छापखाना १९२८ चा. मग १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ ला ओझरला एचएएलचा मिग विमानांचा कारखाना, मागोमाग सातपूर भरायला लागलं. आयटीआय करून टर्नर, फिटर, मशिनिस्ट म्हणून चिकटलं की आयुष्याची चिंता मिटली. लग्नाच्या बाजारात प्रेसमधला मुलगा, एचएएलचा मुलगा यांना काय भाव होता ते त्या काळच्या मुलीच्या बापाला विचारा, क्वार्टर, बोनस, ओव्हरटाइम, कॅन्टीन, सगळं पत्रिकेच्या आधी विचारायचे.

पण शॉप फ्लोअरवर बाई औषधाला नव्हती. ऑफिसात टायपिस्ट, टेलिफोनवर एखादी, बास. लोक म्हणतात जड काम, बायकांना झेपत नाही. अहो जड काम कसलं, सिन्नर फाट्यापलीकडे शेतात बाई जे करते त्याच्यापुढे लेथवर उभं राहणं म्हणजे काहीच नाही. खरं कारण शिफ्ट. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ६६, संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बाईला कामावर ठेवता येत नव्हतं. आता तीन शिफ्टमध्ये प्लांट फिरतोय आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलते, तर जी व्यक्ती तिसऱ्या शिफ्टला चालणार नाही तिला मॅनेजर पहिल्या शिफ्टलाही घेत नाही, रोस्टरची कटकट कोण करणार. त्यात ३० च्या वर बायका झाल्या की पाळणाघर काढायला लागायचं, त्याच्याही आधी ही अट ५० ची होती. म्हणून काही ठिकाणी बायकांचा आकडा बरोब्बर त्याच्या खाली अडकायचा. कायदा बाईच्या भल्याचाच होता पण परिणाम हा.

आणि आमच्या बायका घरी काय करत होत्या तर पापड, शिवण, फॉल-पिको, दुधाची रतीबं. हे सगळं घरात बसून आणि पोरींना हाताशी धरून. मुलगा मात्र आयटीआयच्या क्लासला.

---

चिवडा_मिसळ

पाळणाघराचा मुद्दा माहीत नव्हता. म्हणजे ३० बायका आणि एकतिसावा बाप्या असं का?

---

सातपूरकर

असंच. कागदावर कुठे लिहिलेलं सापडणार नाही.

---

सिन्नरची_लेक

खूप दिवस फक्त वाचत होते, आज लॉगिन केलं. धागाकर्त्यांचा शेवटचा पॅरा ज्यांना ओढूनताणून वाटतोय त्यांच्यासाठी.

माझी आई बिड्या वळायची. सिन्नरला तेव्हा आमच्या गल्लीत न वळणारं घर शोधावं लागायचं. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळायचा. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची म्हणजे सकाळी मऊ होतात, मग पत्र्याचा माप पानावर ठेवून कात्रीने कापायचं, शिरा टाळून, नाहीतर वळताना पान चिरतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पान घ्यायचं, चिमूट पसरायची, वळायचं, खालचं तोंड दाबायचं, दोरा गुंडाळायचा. आईचे हात बघितले तर दिसायचेच नाहीत इतक्या वेगात चालायचे आणि तोंडाने शेजारणीशी गप्पा. दुसरं तोंड बंद करायचं काम आम्हा पोरांचं. त्याला ताकद लागत नाही, फक्त नखाने किंवा बारीक काडीने कडा आत दुमडायच्या. शाळेला जायच्या आधी बसायचं, आल्यावर परत बसायचं. नखाखाली तंबाखू जाऊन पिवळं व्हायचं आणि तेच हात डबा खायला.

मजुरी हजारावर. हजार बिड्या रोज वळणारी म्हणजे तरबेज, पण एकटीने नाही हां, पाठीमागे दोन-तीन पोरं असतील तर. मग संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायचं, तिथला तपासणारा मूठभर उचलून छाट काढणार, ही वाकडी, ही पोकळ, ही तुटकी, बाजूला. छाटीचे पैसे नाहीत आणि ती छाट परतही नाही, आमच्या इथे तरी हेच चालायचं. पान खराब दिलं तर त्याची भरपाई आईच करणार, वरून पानं विकत घेऊन.

हिशेब कार्डावर, कार्डावर आईचं नाव. आमचं कुणाचंच नाही. म्हणजे कारखान्याच्या वहीत एका बाईने हजार बिड्या वळल्या, चार हात त्यात आणखी होते ते कुठेच नाहीत.

वडील काय करायचे विचाराल तर कधी हमाली, कधी बाजारात, कधी काहीच नाही. आठवड्याचा खात्रीचा पैसा आईचाच. तरी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मजुरी' आणि आईचा 'घरकाम'. आणि घरात सगळ्यांचं ठरलेलं वाक्य, ती काय बसल्या बसल्या करते. भाऊ सातवीनंतर कंटाळला आणि वळायला बसेना, त्याला कुणी काही बोललं नाही कारण ते बाईमाणसांचं काम. मी बसत राहिले.

---

आदिमाया

@सिन्नरची_लेक, लिहित रहा गं. माझी आत्या संगमनेरची, तिचं हेच. तिची पाठ आणि डोळे दोन्ही गेले.

---

जुनं_ते_सोनं

सगळ्यांचं वाचलं. बिडीचं मान्य, पण प्रत्येक गोष्टीला बालमजुरी म्हणायची फॅशन झालीये. आमच्या नाशकात तांबट आळीत मुलगा बापाशेजारी बसून ठोके मारायला शिकायचा, बारा-तेरा वर्षांचा होईस्तोवर घडा घडवायचा. त्याला राबवणं म्हणायचं का? ती शाळाच होती. कारखान्याने स्टीलची भांडी आणली आणि ती शाळा बंद पडली. आज त्याच घरातली मुलं बारावी करून डिलिव्हरीच्या गाड्या फिरवताहेत. काय मिळवलं?

---

गोदाकाठचा (धागाकर्ता)

@जुनं_ते_सोनं, मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बापाच्या हाताखाली शिकणं आणि यंत्राखाली सरपटणं यात फरक आहेच, पहिल्यात पुढे कारागीर होण्याची वाट आहे, दुसऱ्यात पोरगं मोठं झालं की हाकलून नवं लहान पोरगं घ्यायचं. कापड गिरण्यांचा दोष मुख्यतः तोच, मोठा झाल्यावर त्या पोराला काही येत नव्हतं.

पण त्या शाळेत प्रवेश कुणाला होता? तांबटाच्या मुलालाच. त्याच्या मुलीला नाही, आणि बाहेरच्या जातीच्या मुलाला तर सोडाच. मुलगी आईच्या हाताखाली चूल शिकणार, तिच्या शिकण्याला कुणी कारागिरी म्हटलं नाही.

---

आदिमाया

हेच लिहायला आले होते. बापाशेजारी बसून शिकणं हे फक्त काही जातींच्या बाबतीत गोड वाटतं. ज्यांच्या बापाचं काम मेलेली ढोरं ओढण्याचं किंवा संडास साफ करण्याचं होतं त्यांच्या पोरांनीही तेच बापाशेजारी शिकायचं का? त्या लोकांना गिरणी, रेल्वे, पलटण ही सुटका वाटली ती उगीच नाही. अर्थात मुंबईच्या गिरणीत गेल्यावरही विणखात्यात दलितांना घेत नव्हते, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा आणि इतरांना विटाळ. जास्त पगार तिथेच होता.

---

कलम_तीनशेदोन

आपल्याकडच्या कायद्याची थोडी माहिती देतो, धागाकर्त्यांनी इंग्लंडवरच गाडी थांबवलीये.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ ची, दावरशेटची. पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१, म्हणजे सत्तावीस वर्षं काहीच नाही. त्यात किमान वय किती तर ७! सात ते बारा वयाच्या मुलांना ९ तास. तोही फक्त १०० किंवा जास्त माणसं असलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांना. बायकांबद्दल त्यात चकार शब्द नाही. आणि हा कायदा केवळ दयेपोटी आला असं समजू नका, मुंबईचा माल स्वस्त पडतोय म्हणून लँकेशायरचे गिरणीवाले विलायतेत ओरडत होते. इथले बरेच पुढारी त्यामुळेच विरोधात होते, ही आपल्या उद्योगाच्या मुळावर उठलेली चाल म्हणून. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे थोडे लोक खरंच कळवळ्याने बोलत होते.

कामगारांच्या बाजूने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ ला मिलहँड्स असोसिएशन. रविवारची सुट्टी १८९० ला मिळाली ती त्यांच्यामुळे, आणि त्यासाठी भरलेल्या सभेत दोन गिरणीकामगार बायकाही बोलल्या होत्या हे मुद्दाम सांगतो. १८९१ च्या कायद्यात वय ९ झालं, ९ ते १४ ला ७ तास, बायकांना ११ तास. १९२२ ला वय १२, आणि १९४८ ला १४.

वय ठरवायचं कसं हा मोठा विनोद होता. जन्माची नोंद नाही, मग डॉक्टर दात बघून दाखला देणार. मुलं 'अर्धवेळ' कामगार झाली तर एकच पोरगं सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्याच्या दाखल्यावर दुसऱ्या गिरणीत. आईबापच पाठवायचे. कायद्याने तास निम्मे केले आणि पोराने दोन निम्मे जोडून पूर्ण केले.

---

मालेगाववाला

आमच्याकडचं लिहितो भो. मालेगावात विणकर आले ते १८५७ नंतर उत्तरेकडून, हातमाग घेऊन. हातमाग घरात होता तेव्हा घरातली बाई कांडी भरायची, पोरं ताण्याला हातभार, म्हातारे धागा सांधायचे, सगळं एका खोलीत. पॉवरलूम आला आणि माग घरातून शेडमध्ये गेला. आता त्या आवाजात नि बारा-बारा तासांच्या पाळीत बाई जाणार नाही म्हणून माग पूर्ण बाप्यांचा झाला. कांडी भरायचं काम उरलं ते बायकांना, आणि बारक्या पोरांना. मागाचा दर मीटरवर, कांडीचा दर किलोवर आणि तो किती असेल ते समजून घ्या.

धागाकर्ते म्हणतात छपराखाली आलं ते मोजलं गेलं, पण आमच्याकडे छप्पर आहे तरी मोजलं जात नाही. एकाच शेडमध्ये मधे पत्रा टाकून दोन नावांवर दोन कारखाने दाखवले की प्रत्येकात माणसं कमी. पॉवरवर चालत असेल तर १० माणसांपासून फॅक्टरी अ‍ॅक्ट लागायचा ना, मग ९ वर ठेवायचे. म्हणजे छप्पर नाही, इन्स्पेक्टरने उघडायला हवं असं दार लागतं.

---

कलम_तीनशेदोन

@मालेगाववाला, बिडीतही नेमकं हेच. विजेवर न चालणाऱ्या जागेला २० ची अट होती, म्हणून मोठे कारखाने फोडून छोटे केले. मग खास बिडीसाठी १९६६ चा कायदा आला, घरी वळणाऱ्यांनाही कामगार धरणारा. कागदावर उत्तम कायदा. पण मालकांना घरखातं, म्हणजे घरी काम वाटणं, आणखी सोयीचं वाटलं, मध्ये एक ठेकेदार उभा केला की हात झटकायला मोकळे.

आणि सिन्नरच्या ताईंच्या प्रतिसादाला जोडून: १९८६ चा बालमजुरी कायदा वाचा. धोकादायक कामांच्या यादीत बिडी वळणं आहे. पण त्याच कलम ३ मध्ये पुढे सूट, कुटुंबाच्या मदतीने घरात चालणाऱ्या कामाला ही बंदी लागू नव्हती. म्हणजे जिथे काम घरातच चालतं तिथेच बंदी नव्हती. २०१६ च्या दुरुस्तीने १४ खालच्यांना सरसकट बंदी आली, ती चांगलीच, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या बिनधोक धंद्यात मदत चालेल ही सवलत राहिली. जुनं_ते_सोनं यांचा तांबट आळीचा युक्तिवाद संसदेतही केला गेला होता, फार वेगळ्या शब्दांत नाही.

---

अंबडची_शिफ्ट

सातपूरकर काका, तुमच्या वेळी बाई औषधाला नव्हती, आता आमच्या लाइनवर बाप्या औषधाला नाही. वायरिंग हार्नेस, छोटे पार्ट, पॅकिंग, जिथे बारीक बघायचं आणि एका जागी तासन्‌तास उभं राहायचं तिथे सगळ्या मुली. कारण काय सांगतात, तुमची बोटं नाजूक, तुम्ही लक्ष देऊन करता. हो का? मग हेच 'कौशल्य' आहे तर पगार हेल्परचा का? सेटर, क्वालिटी, मेंटेनन्स सगळी मुलं. मशीन बंद पडलं की त्यांना हाक मारायची, ते येऊन दोन बटणं दाबून जाणार.

मी जिथे आधी होते तिथे कंत्राटदाराकडून मुलाखतीत पहिला प्रश्न, लग्न ठरलंय का. दुसरा प्रश्न, मिस्टर काय करतात. मैत्रीण पाचव्या महिन्यात होती, तिला काढलं नाही, फक्त कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. कागदावर सगळं स्वच्छ.

नाइट शिफ्टला आता बायकांना परवानगी आहे, लेखी संमती हवी, गाडी घरापर्यंत सोडते वगैरे अटी. आमच्यातल्या कितीतरी जणी खुशीने घेतात, भत्ता मिळतो. पण सकाळी सातला घरी पोचल्यावर डबे कोण करतं ते विचारू नका. नवरा नाइट करून आला की घरात सगळे हळू बोलतात, टीव्ही बंद. मी नाइट करून आले की सासूबाई म्हणतात आलीस का, कुकर लावते का.

---

चिवडा_मिसळ

शेवटच्या वाक्याला कितीही वेळा +१.

---

आदिमाया

प्रसूतीच्या रजेचा इतिहासही असाच आहे. मुंबई इलाख्याचा कायदा १९२९ चा, देशातला पहिला, कौन्सिलात बाबासाहेबांनी १९२८ ला त्याची बाजू मांडली होती. त्यांचं म्हणणं असं होतं की या खर्चाचा काही भार सरकारनेही उचलायला हवा. कायदा झाला तो मात्र मालकाने एकट्याने द्यायचं असा. आणि मग मालकांना विधवा किंवा वयस्क बाई जास्त पसंत पडायला लागली. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई असायची, जास्त करून सूत गुंडाळणीच्या खात्यात. मग तिथे मोठी यंत्रं बसली, रात्रपाळी आली, बायका कमी होत गेल्या. त्यांची कामं यंत्राने खाल्ली तशी बाप्यांचीही खाल्ली, पण बाप्याला दुसऱ्या खात्यात हलवलं, बाईला घरी.

२०१७ ला रजा २६ आठवडे झाली, पगार अजून मालकाच्याच खिशातून (ईएसआय म्हणजे कामगार विमा असेल तर वेगळं). @अंबडची_शिफ्ट च्या मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथून येतो.

---

गोदाकाठचा (धागाकर्ता)

आणि 'बाईला झेपत नाही' हे किती सोयीप्रमाणे बदलतं बघा. आपल्या कोळसा खाणींत बायका नवऱ्याबरोबर खाली जायच्या, तो फोडणार ती टोपलीत भरणार. १९२९ पासून टप्प्याटप्प्याने त्यांना खाली जायला बंदी, ते दशक संपेपर्यंत पूर्ण. मग लढाई पेटली, कोळसा कमी पडायला लागला, १९४३ ला बंदी उठवली. तीन वर्षं बायकांना सगळं झेपलं. १९४६ ला परत बंदी.

---

द्राक्षमळा

शेतकरी म्हणून दोन शब्द, नाहीतर सगळे कारखान्यातच अडकलेत. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), थिनिंग, नंतर पॅकहाऊस, हा आता उद्योगच आहे, कंटेनर युरोपला जातात. मजूर पेठ-सुरगाण्याकडून टोळीने येतात, नवरा-बायको जोडीने. थिनिंगला बायकाच लागतात, घडातले मणी कात्रीने काढायचे, गडीमाणूस घाई करतो आणि घड खराब करतो. आमच्याकडे एक्सपोर्टचं ऑडिट असतं, बागेत लहान मूल काम करताना दिसलं तर माल नाकारतात, त्यामुळे आम्ही एकही पोरगं घेत नाही. उगीच शेतकऱ्याला झोडू नका.

---

सिन्नरची_लेक

@द्राक्षमळा दादा, झोडत नाही. पण बागेत पोरगं नाही म्हणजे ते कुठे आहे? तुमच्या शेडवर दहा वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला सांभाळत असेल, भाकरी थापत असेल, तर ती ऑडिटवाल्याला काम करताना दिसणारच नाही. तिच्यामुळे तिची आई तुमच्या बागेत आहे.

---

द्राक्षमळा

ते आहे. खोटं बोलत नाही. काही जण गावाकडे आजीपाशी ठेवून येतात, हंगामी वसतिगृहात पण टाकतात काही. पण पोरीला बरोबर आणतात कारण लहान भावंडाला बघायला कुणीतरी हवं. मुलगा असला तर गावाकडे आश्रमशाळेत. त्यावर आम्ही काय करणार? पाळणाघर काढायचं म्हटलं तर टोळी आज माझ्याकडे, चार दिवसांनी शेजाऱ्याकडे.

---

आदिमाया

चार-पाच बागांनी मिळून एक बाई ठेवायची आणि तिचा रोज वाटून घ्यायचा. टोळी हलेल पण शिवार तेच ना. तुमचे फवारणीचे ट्रॅक्टर वाटून वापरता की.

---

द्राक्षमळा

आमच्या ग्रुपवर विचारतो. छाटणीच्या आधी ठरलं तरच होईल, नंतर कुणाला वेळ नाही.

---

जुनं_ते_सोनं

शाळेचा विषय निघालाच आहे तर, सक्तीचं शिक्षण आधीच आलं असतं तर निम्मे कायदे लागलेच नसते.

---

कलम_तीनशेदोन

मागणी होतीच हो. जोतिबा फुल्यांनी १८८२ ला शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे लेखी दिलं होतं की बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोखल्यांनी १९११ ला बिल आणलं, ते पडलं. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात सक्ती आणली, पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिना एक रुपया दंड. देशभर हक्क म्हणून कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांपासून मोजा.

---

सातपूरकर

सिन्नरच्या ताई, एक विचारायचं राहिलं. आईचा पीएफ होता का? बिडीवाल्यांना लागू आहे, कार्ड असेल तर पेन्शन बसते.

---

सिन्नरची_लेक

हो काका, तोच घोळ चालू आहे. कारखान्याच्या वहीत आईचं घरातलं हाकेचं नाव आणि आधारवर लग्नातलं. जन्मतारीख तर वहीत नुसतं वर्ष, तेही अंदाजे. कारखाना बंद होऊन जमाना झाला, सही कुणाची आणायची? आणि एवढं करून पेन्शन महिना हजार रुपये. भाऊ म्हणतो सोड.

---

सातपूरकर

सोडू नका. कारखाना बंद असेल तरी नाव-जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज करता येतो, मालकाच्या सहीऐवजी दुसरे पुरावे घेतात. बिडी कामगार म्हणून कल्याण निधीचं ओळखपत्र असेल तर तेही जोडा, त्यावर बहुतेक फोटो असतो. जुनं हजेरी कार्ड फेकू नका, फाटकं असलं तरी. मला मेसेज करा, आमच्या युनियनमधला एक जण अजून हीच कामं करतो, पैसे घेत नाही, फक्त चहा लागतो.

---

सिन्नरची_लेक

कार्ड आहे, आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. मेसेज केलाय काका.